घडीचं घर

ठक्.

खालून आवाज आला आणि वर स्वयंपाकघरात तिघांचे हात जागच्या जागी थांबले. माईंचा वर्तमानपत्रात कप गुंडाळणारा, सूनबाईचा खोक्यावर चिकटपट्टी ओढणारा आणि बाळचा बिस्किटांच्या बशीकडे निघालेला.

ठक्. ठक्-ठक्.

आवाज नवा नव्हता. एकतीस वर्षं तो या घराच्या जमिनीखालून येत होता. त्याच्यावर दूध तापलं होतं, शाळेचे डबे भरले गेले होते, बाळची परीक्षा आणि पुढे त्याचं लग्न ठरणं झालं होतं. बाळच्या मुलीला, बटणाला, तर तान्हेपणी झोपच त्यावर लागायची. रविवारी कारखाना बंद असला की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. पण आज हा आवाज यायला नको होता. काल संध्याकाळी मास्तर वर आले होते, हात धुऊन पुसले होते आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "झालं. हातोडी बांधली."

"बांधली होती ना?" माई म्हणाल्या. कुणाकडेच न बघता.

"एखादा खिळा वर आला असेल फळीचा," बाळ म्हणाला.

"खिळा वर आला की तुझे वडील एकदा मारतात. ही टाच बसवतायत."

माईंनी उभ्या जन्मात जोड्याला हात लावला नव्हता. पण वर पोळ्या लाटता लाटता खाली चामडं जाड आहे की पातळ, हे त्या आवाजावरून सांगायच्या, आणि त्यांचं सहसा चुकायचं नाही.

बाळ बिस्कीट खाऊ लागला. सदतीस वर्षांचा बाळ, सरकारी कचेरीत पुलांचे आराखडे तपासणारा. पण बिस्कीट असं मन लावून खात होता की जणू त्यातही कुठे तडा आहे का ते बघायचंय. सूनबाईने ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

"तू जा खाली," माई तिला म्हणाल्या. "मी गेले तर भांडण होईल. हा गेला तर दोघं हवापाण्याच्या गप्पा मारून बसतील. तुझ्यासमोर त्यांना खोटं बोलता येत नाही."

"माझ्यासमोर का नाही?"

"तू गप्प बसतेस म्हणून. मी मध्येच बोलते, तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचतं."

सूनबाई उठली. चारला ट्रक येणार होता. परवा, गुरुवारी, मायदेशी परत जायचं विमान. घरात दोनच रंग उरले होते: हिरवा स्टिकर म्हणजे जाणार, पिवळा म्हणजे राहणार. हे खातं सहा वर्षांच्या बटणाकडे होतं. "घरात एकही वस्तू बिनरंगाची राहता कामा नये," असा आजीचा हुकूम तिने शब्दशः घेतला होता. नळाला पिवळा, खिडक्यांना पिवळा, दिव्याच्या प्रत्येक बटणाला पिवळा. आत्ता ती जिन्यात बसली होती.

"आई, जिन्याला पिवळाच ना?"

"पिवळाच."

"प्रत्येक पायरीला वेगळा लावू की सगळ्यांना मिळून एक?"

"मिळून एक. बाकीचे जपून वापर," सूनबाई म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून खाली गेली.

*

कारखाना म्हणायचे सगळे, पण होती ती तळघरातली एकच लांबट खोली. फुटपाथच्या उंचीला एक आडवी खिडकी. तिच्यातून रस्ता दिसायचा तो फक्त गुडघ्यापर्यंत. मास्तरांनी हा देश एकतीस वर्षं पायांकडून पाहिला होता. कोण येतंय ते त्यांना चालीवरून कळायचं. चेहरा मागाहून दारात यायचा.

बाजारातला जोडा ज्यांना होत नाही अशी माणसं त्यांच्याकडे यायची. एक पाय आखूड असलेली, अपघातात बोटं गेलेली, जन्मतःच पाऊल आत वळलेली. मास्तर पायाचं माप घेऊन तसाच्या तसा लाकडाचा साचा करायचे. त्याला ते फर्मा म्हणायचे. माणूस वयाने जाड झाला, घोटा सुजू लागला की फर्म्यावर चामड्याची ठिगळं चढायची. भिंतभर फळ्यांवर एकशे चाळीस माणसांचे पाय आपापल्या माणसांबरोबर म्हातारे होत होते.

गेल्या महिन्यापासून मास्तर एकेकाला बोलावून फर्मे परत देत होते. "पाय ज्याचे त्याला. मी नुसते सांभाळले." माणसं ते लाकडी पाय तान्ह्या मुलासारखे कुशीत घेऊन जायची. धोबीखान्यातली बाई तर दारातच उभी राहून रडली होती.

आता फळीवर अकरा जोड उरले होते. ना हिरवे, ना पिवळे.

"बस," मास्तर मान वर न करता म्हणाले. तोंडात दोन खिळे होते. ऐरणीसारख्या लोखंडी पायावर एक तपकिरी जोडा उपडा पडला होता, त्याचा तळ बुचाच्या थरांनी दीड इंच उंच केलेला. "पोस्टवालीचा आहे. दुपारी न्यायला येईल."

सूनबाई घडीच्या स्टुलावर बसली. हातोडी टेबलावर होती, चामडं कापायची रापी होती, टोचायची आरी होती, दोऱ्याची रिळं रोजच्या क्रमाने होती. काहीही बांधलेलं नव्हतं.

मास्तरांनी एक खिळा मारला. दुसरा तोंडातून काढून हातात धरला.

"अशी गप्प बसू नकोस."

ती गप्पच बसली.

"अकरा जण आहेत," ते म्हणाले. "बाकीच्यांची सोय लावली. मोठ्या गावात मशीनवर करून देतात, तिकडे पाठवलं. या अकरांना मशीन नाही म्हणतं. त्याला दोन पाय साधारण एकासारखे एक लागतात. यांना एकेक जोड करून देतो आणि मागून येतो. खोलीचं मालकाशी बोललोय. घडीची खाट आहेच."

"मागून म्हणजे किती दिवसांनी?"

"दोन महिने. फार तर तीन."

या घरात 'दोन'चा इतिहास चांगला नव्हता. दोन वर्षांसाठी म्हणून मास्तर इथे आले होते. दोन वर्षांत येतो, असं आपल्या आईला सांगून आले होते. ती गेल्याचं कळून गावी पोचले तेव्हा तिची लुगडी बहिणींत वाटूनही झाली होती. ती हकीकत सूनबाईला लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळली होती. ती सांगताना मास्तरांनी आवाज चढवला नव्हता, उतरवलाही नव्हता.

"आणि गुरुवारचं तिकीट?"

"बदललंय. बाळने."

बिस्कीट. सूनबाईने डोळे मिटले.

"माईंना कधी सांगणार होतात?"

"विमानतळावर. तिथे गर्दी असते. गर्दीत ती ओरडत नाही."

"मास्तर!"

"हसू नकोस."

"मी कुठे हसतेय?"

"मग हस तरी. असं बघू नकोस." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "तुला सांगतो. इथे मी खाली बसलो की लोक येतात. तिथे बाळ कामाला जाईल, तू जाशील, बटण शाळेत. तुझी सासू तिच्या बहिणीकडे. मी गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचे. त्यांत जोडे दुसऱ्याच कुणीतरी केलेले. मी कोण तिथे? बटणाचा आजोबा."

"ते कमी आहे?"

मास्तरांनी उरलेला खिळा मारला. एका घावात.

"कमी नाही गं. पण ती दहाची झाली की तिला आजोबा कमी आणि मैत्रिणी जास्त लागतील. लागायलाच हव्यात."

यावर सूनबाईकडे उत्तर होतं, पण ते तिचं स्वतःचं होतं आणि अजून ओलं होतं. आठ वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम मिळालं होतं. इथली भाषा तिने भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावरून शिकली: आधी वरचं मोठं अक्षर, मग खालची लहान होत गेलेली ओळ. शेवटची ओळ तिला पाठ होती, तिचा अर्थ काहीच नसला तरी. गेल्या शुक्रवारी दुकानातल्यांनी तो जुना तक्ता गुंडाळी करून तिच्या हातात ठेवला. ती बसमध्ये तो मांडीवर धरून घरी आली आणि कुणी विचारण्याआधी त्याला स्वतःच हिरवा स्टिकर लावला. तिथे तो कुठे लावणार होती, तिला माहीत नव्हतं.

"चारपर्यंत सासूला सांगू नकोस," मास्तर म्हणाले. "ट्रक जाऊ दे."

"मी आपणहून सांगणार नाही. विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"म्हणजे सांगणारच. ती विचारल्याशिवाय राहते होय?"

*

बाळ मोकळ्या झोपायच्या खोलीत जमिनीवर बसला होता. बायको दारात आली तशी त्याने हात वर केले.

"आधी ऐक तरी."

"ऐकतेय."

"अशी ऐकू नकोस. जरा ओरड."

"तुम्ही दोघं एकाच साच्यातून निघालात," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. "माईंचं काय, याचा विचार केलास?"

बाळने बराच वेळ नखाने फरशीची फट कोरली. त्याला आठवत होतं ते हे: तो सात वर्षांचा, कुठल्याशा कचेरीतल्या उंच टेबलापुढे टाचा उचलून उभा, आणि मागे टोपी हातात धरलेले मास्तर. साहेब बोलायचा, बाळ ते मराठीत सांगायचा. मास्तर बोलायचे, बाळ ते इथल्या भाषेत सांगायचा. दवाखान्यात तेच, बँकेत तेच, शाळेत तर स्वतःच्या तक्रारीसुद्धा त्यानेच वडिलांना भाषांतर करून सांगितल्या, आणि त्यात जमेल तेवढी साखर घातली. मास्तरांना ते कळायचं. घरी येताना ते नुसते त्याच्या मानेवर हात ठेवायचे.

"त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही गं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत हे पहिलंच. 'बाळ, तेवढं तिकीट पुढे ढकल.' मी नाही कसं म्हणणार?"

सूनबाईने त्याचा हात हातात घेतला. राग होता, पण तो आता कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"ते मागून येतील असं वाटतं तुला?"

बाळ काही बोलला नाही. पुलांच्या बाबतीत तो असा गप्प बसला की तो पूल बंद करायचे.

*

"किती दिवस म्हणाले?"

सूनबाई स्वयंपाकघरात पाय ठेवते न ठेवते तोच माईंनी विचारलं. कप गुंडाळून झाले होते. त्या घडीच्या टेबलाशी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"तुम्हाला माहीत आहे?"

"शनिवारी पासपोर्टांना रबर लावायला फाइल उघडली. पासपोर्ट पाच, गुरुवारची तिकिटं चार. तेवढं मला मोजता येतं. किती दिवस?"

"दोन महिने."

माई हसल्या. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "शनिवारपासून वाट बघतेय, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून. रविवार गेला. काल तर मी मुद्दाम विचारलं, हातोडी बांधली का. तुला ठाऊक होतं?"

"आत्ता कळलं. देवाशपथ."

"मग तू माझ्या बाजूची. बस इथे."

सूनबाई बसली. खुर्ची नेहमीसारखी करकरली. या घरात सगळंच घडीचं होतं: टेबल घडीचं, खुर्च्या घडीच्या, पाहुण्यांची खाट घडीची, कपडे वाळत घालायचा घोडा घडीचा. दोन वर्षांत परत जायचं, मग जड सामान कशाला, असं पहिल्या वर्षी ठरलं आणि पुढे ते कुणी बदललंच नाही. एक खुर्ची मोडली की तशीच दुसरी यायची. बाळ शाळेत असताना त्याचा मित्र घरी आला आणि त्याने विचारलं होतं, "तुम्ही सहलीला आलायत का?"

"कोपऱ्यावरच्या दुकानात एक कपाट होतं," माई म्हणाल्या. "काचेच्या दारांचं. खाली दोन खण, पितळी मुठी. मी रोज भाजी आणायला जाताना बघायची. चार वर्षं ते तिथेच होतं, गिऱ्हाईकच मिळेना. मला वाटायचं माझ्यासाठीच थांबलंय. यांना एकदा म्हटलं, तर म्हणाले, अगं, नेणार कसं? खरंच होतं. नेणार कसं!" त्यांनी टेबलाची कडा हाताने साफ केली, तिच्यावर काहीच नव्हतं तरी. "मी इथे वाईट नव्हते. लोक चांगले. हवा मानवली. पण मी बसले नाही गं कधी. एकतीस वर्षं खुर्चीच्या टोकावर बसल्यासारखी होते. आता कुठे मागे टेकायचं म्हटलं, तर हे म्हणतात मागून येतो."

खाली घंटी वाजली. कारखान्याचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग कुणाच्या तरी पावलांचा: ठक्-टप, ठक्-टप.

"पोस्टवाली," माई म्हणाल्या आणि उठल्या. पदर खोचला. "चल."

"तुम्हीही?"

"मीही. बघू तरी कुणासाठी मला एकटं पाठवतायत ते."

*

मास्तरांनी जिन्यावरची पावलं ऐकली. सूनबाईची हलकी, बटणाची उड्या मारणारी, बाळची रेंगाळणारी. आणि डाव्या टाचेवर जोर देऊन येणारी चौथी. माई तशा उतरल्या की प्रकरण गंभीर असायचं. त्यांनी टेबलावरची हातोडी उगीच दोन बोटं पलीकडे सरकवली.

पोस्टवाली स्टुलावर बसून जुना जोडा काढत होती. गणवेश, खांद्याला पिशवी, पन्नाशी उलटलेली, गाल वाऱ्याने रापलेले. बटण धावत जाऊन तिच्या पिशवीत डोकावलं. त्या दोघींची ती जुनी रीत होती. पिशवीत बटणासाठी कुठल्यातरी परक्या देशाचं एक टपालाचं तिकीट असायचंच.

"सगळे आलात!" पोस्टवाली इथल्या भाषेत म्हणाली. "माझा जोडा बघायला की मला घालवायला?"

"आधी चालून दाखव," मास्तर त्याच भाषेत म्हणाले. एकतीस वर्षांनीही त्यांच्या तोंडी ती भाषा मराठीसारखीच वाजायची. त्यांनी तिच्या नाड्या स्वतः बांधल्या, टाचेशी बोट घालून पाहिलं आणि मग मागे होऊन डोळे मिटले.

ही त्यांची पद्धत होती. जोडा बरोबर झाला की नाही हे ते बघत नसत, ऐकत असत. पोस्टवाली खिडकीपर्यंत गेली, वळली, परत आली.

ठक्. ठक्. ठक्. ठक्.

दोन पायांचा एकच आवाज. मास्तरांचा चेहरा हळूहळू सैल झाला. माई त्या चेहऱ्याकडे बघत होत्या. रोज वरून ऐकला होता हा सगळा कारभार. पण डोळे मिटलेले मास्तर त्यांनी इथे, कामात, किती वर्षांत पाहिले नव्हते. बाळ पहिल्यांदा झोपेत हसला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता.

"पूर्वी लोक माझ्या पावलांवरूनच ओळखायचे की टपाल आलं," पोस्टवाली सूनबाईला सांगत होती. "दाराशी पोचायच्या आतच दार उघडायचं, आणि आत मुलं माझ्या चालण्याची नक्कल करत असायची. यांचा पहिला जोडा घातला त्या दिवशी एक म्हातारी दचकलीच. म्हणाली, तुम्ही आलात ते कळलंच नाही. मी रस्त्यावर येऊन इतकी हसले!" तिने हसून दाखवलं आणि मध्येच थांबली.

सूनबाईने ते मराठीत सांगितलं. मूळ जेवढं होतं तेवढंच, साखर न घालता.

माई पुढे आल्या. फळीवरचे फर्मे त्यांनी एकेक जोड मोजत पाहिले. एका फर्म्यावर ठिगळांवर ठिगळं होती.

"हे अकरा?"

"हं."

"यांचं दुसरं कुणी करणार नाही?"

"नाही." मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "अगं, मी सांगणारच होतो..."

"विमानतळावर, गर्दीत. ओळखून आहे मी." माईंनी तो ठिगळांचा फर्मा जपून जागेवर ठेवला. सगळे स्फोटाची वाट बघत होते. "ठीक आहे. मग मीही थांबते."

"काय?" हे बाळ आणि मास्तर एकदम म्हणाले.

"थांबते. तुम्हाला चहा तरी धड करता येतो का?"

"तुझी बहीण रोज फोन करून..."

"थांबेल. इतकी वर्षं थांबली." माईंचा आवाज शांत होता, आणि ते जास्त वाईट होतं. "मुलं पुढे जाऊ देत. आपण राहू. मात्र आजच्या आज मी ते कपाट आणणार. काचेच्या दारांचं. ते नसेल तर तसलं दुसरं. चार माणसांनी उचलायला लागेल असं."

"दोन महिन्यांसाठी कपाट कशाला?"

"दोनसाठी मी आता काही करणार नाही. ना दोन वर्षं, ना दोन महिने. राहायचं तर राहायचं, कपाटासकट. जायचं तर परवा. तुम्हीच सांगा. मी दोन्हीला तयार आहे. खरंच आहे."

बाळने बायकोकडे पाहिलं. भाषांतर करायला इथे काहीच नव्हतं. मास्तरांना दिसत होतं: वर रिकाम्या खोलीत एक जड कपाट, त्याच्या काचेत माई, आणि त्यांच्या मागे घर म्हणून कुणीच नाही. त्या राहिल्या असत्या. कपाट पुसत, एक शब्द न काढता राहिल्या असत्या. हेच त्यांना सोसवेना.

"काय चाललंय?" पोस्टवालीने सूनबाईला हळूच विचारलं.

"कपाटावरून," सूनबाई म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. थोडक्यात, पण सगळं.

पोस्टवालीने ऐकून घेतलं. आपले दोन फर्मे ती घरी न्यायला पिशवीत घालत होती. ते तिने बाहेर काढले आणि उठून फळीवर ठेवले.

"हे मी नेत नाही. मास्तर, तुमच्या गावात पोस्ट आहे ना?"

"आहे की."

"मग तिथून करून पाठवा. माझ्या घरचं पार्सल मलाच पोचवायचं असतं. हरवलं तर मी माझीच तक्रार करीन. आणि या बाकीच्या दहांच्या दारी रोज मीच जाते. कागदावर पाय ठेवून रेघ कशी मारायची, घोट्याशी फीत कशी धरायची, ते बावीस वर्षं बघतेय मी. मापं मी घेऊन पाठवते."

"माप कुणीही घेईल," मास्तर म्हणाले. "चाल कोण ऐकणार?"

"तुम्ही तरी कुठे बघता?" पोस्टवालीने खिशातून फोन काढला आणि बटणाच्या हातात दिला. "तुम्ही डोळे मिटूनच तर ऐकता. फोनवर ऐका."

बटणाने फोन दोन्ही हातांनी, जमिनीपासून वीतभर उंच धरला. पोस्टवाली पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आली. कुणी हसलं नाही. मास्तर मात्र हसले, नाकातून, नाइलाजाने.

मग त्यांनी टेबलाखालचं जुनं फडकं ओढलं, हातोडी त्यात गुंडाळली, दोऱ्याचे तीन वेढे देऊन गाठ मारली आणि माईंपुढे धरली.

"तुझ्या बॅगेत ठेव."

"तुमच्या का नको?"

"माझी मी उद्या उघडेन."

माईंनी हातोडी घेतली. गुंडाळी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "बाळ, ते तिकीट."

बाळ आधीच फोन कानाला लावून जिना चढत होता. पाच मिनिटांनी वरून त्याचा आवाज आला. "जागा मिळाली! पण शेवटच्या रांगेत, एकटीच!"

"बसू देत एकटे," माई म्हणाल्या. "तेवढीच मला शांतता."

*

पोस्टवाली जाताना बटणाने तिला वाकायला लावलं नाही. तीच खाली बसली आणि नव्या डाव्या जोड्याच्या टाचेला एक पिवळा स्टिकर चिकटवला. "मावशी राहणार आहे ना, म्हणून." पोस्टवालीने तिच्या गालांचे मुके घेतले, माईंचे दोन्ही हात धरले, मास्तरांपुढे क्षणभर नुसती उभी राहिली. मग पिशवी खांद्यावर टाकून गेली. आडव्या खिडकीत दोन तपकिरी जोडे आले, थांबले आणि चालू लागले. पिवळा ठिपका वर-खाली होत गेला. मास्तरांनी डोळे मिटले. आवाज ऐकू येईनासा झाल्यावरही त्यांनी ते बराच वेळ उघडले नाहीत.

चारला ट्रक आला. हमालांनी घडीचं टेबल नेलं, खुर्च्या नेल्या, दहा-बारा खोकी नेली आणि त्यांचा मुकादम आत येऊन सूनबाईला म्हणाला, "बाकीचं कुठे आहे?"

"एवढंच."

"एवढंच?" त्याने हातातला कागद पाहिला, रिकामं घर पाहिलं. "किती वर्षं होतात म्हणालात?"

तिने सांगितलं. त्याने टोपी जरा मागे सरकवली. मग तळघरातलं फर्म्यांचं खोकं आलं, आणि ते उचलायला मात्र चौघं लागले. जिन्यातून वर येताना ते धापा टाकत होते. माई दारात उभ्या राहून बघत होत्या. "जपून," त्या म्हणाल्या. "हळू. जड आहे." आणि त्यांच्या आवाजात एक असा तोरा होता की सूनबाईने पटकन दुसरीकडे पाहिलं.

ट्रक गेला. मास्तर वर आले, माईंच्या शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर बसले. बसायला दुसरं काही नव्हतं. बाळ केर काढत होता. घर इतकं गप्प झालं होतं की रस्त्यावरच्या बसचं दार मिटल्याचं ऐकू आलं.

बटण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरून आलं. जमिनीवर पालथं पडून तिने फरशीला कान लावला. थोडा वेळ ऐकलं. मग दुसऱ्या जागी लावला.

"काय करतेस गं?" सूनबाई तिच्याजवळ बसली. मुलीच्या बोटाच्या टोकाला शेवटचा हिरवा स्टिकर होता, कडेने धुळीने मळलेला.

"आई," बटण कान न उचलता म्हणालं, "आजोबांचं ठक्-ठक् कुठल्या खोक्यात भरलं? त्याला लावायचा राहिला."